हिंगण्याची वाट

जे आपल्या दाराशी असते, ते पाहावयाचे बहुधा राहूनच जाते. आमच्या घरातील मंडळींची काशी-रामेश्वर झाली, बदरी-केदार झाले. परंतु सदाशिव पेठेतील आमच्या घरापासून अवघ्या चार मैलांवर असलेली हिंगण्याची झोपडी आमच्यापैकी एकानेही पाहिलेली नव्हती. 'कर्वे रस्ता' हे शब्द दिवसातून दहा वेळा आमच्या तोंडी येतात. त्या दिशेने कर्वे रोज कोठे जात असत, हा प्रश्न मात्र कधी मनास शिवला नाही. तो यंदाच्या आषाढात शिवला, आणि त्यास कारण झाला एक दृष्टिहीन विद्यार्थी.

हकिगत अशी. गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरी एक ठराव झाला होता. एका महाविद्यालयात इतिहास शिकणाऱ्या या तरुणास वाचून दाखविणारे कोणी हवे होते. हल्ली छापील मजकूर यंत्र मोठ्याने वाचून दाखविते, हे खरे. परंतु सोबत्यांनी हाताने उतरविलेली टिपणे, जुन्या मराठी ग्रंथांची पुसट पाने आणि नकाशे यांच्यापुढे ते यंत्र अडखळते. तेथे माणसाचाच कंठ लागतो. तेव्हा दर गुरुवारी सायंकाळी सहा वाजता जाऊन दीड तास वाचावयाचे, असे आम्ही कबूल केले. घरात वाचू शकणारी माणसे सात. त्यामुळे हे काम ते केवढे, असेच सर्वांना वाटले.

पहिले दोन महिने उत्साहात गेले. पुढे लग्नसराई आली, मुलांच्या परीक्षा आल्या, आणि अधूनमधून खंड पडू लागला. सुट्टीनंतर नवे सत्र सुरू झाले, त्याबरोबर पाऊसही सुरू झाला. आज दुसरे कोणी जाईल, असे प्रत्येकाने समजावे, आणि सात माणसांच्या घरातून एकही माणूस जाऊ नये, असे लागोपाठ तीन गुरुवार झाले. चौथ्या गुरुवारी आम्ही स्वतः ओशाळवाण्या मुद्रेने त्याच्यापुढे उभे राहिलो. तो रागावला असता तर बरे वाटले असते. तो शांतपणे इतकेच म्हणाला, "काम निघालं तर यायचं होत नाही, हे मला समजतं. फक्त आधी कळवत जा. तुम्ही येणार असं धरून मी दुसऱ्या कुणाला विचारत नाही, आणि माझा तो वार रिकामाच जातो."

रात्री पाने वाढली असता आम्ही ही गोष्ट सर्वांच्या कानांवर घातली. "पण काका, पाऊस केवढा होता!" पुतण्या म्हणाला. त्यावर आमच्या मातुःश्री, ज्यांना आम्ही सर्व माई म्हणतो, हातातील वाटी खाली ठेवून बोलल्या, "माझी मावशी चौदाव्या वर्षी विधवा झाली. हिंगण्याला शिकली आणि पुढे तीस वर्षं मास्तरीण म्हणून मानानं जगली. ती सांगायची, अण्णा कर्वे पहिल्या दिवसांत भर पावसात, चिखल तुडवीत रोज हिंगण्याला चालत जायचे. पावसाची सबब त्यांनी सांगितली असती, तर माझी मावशी चुलीपुढंच संपली असती." पानांवर काही वेळ कोणी बोलले नाही. मग आमची पुतणी म्हणाली, "आजी, आपण एकदा चालतच जाऊन बघू या का?"

येत्या रविवारी जावयाचे ठरले. माईंनी रिक्षाने परस्पर यावे व इतरांनी पायी, अशी व्यवस्था झाली. सकाळी सातच्या सुमारास बारीक पावसात आम्ही लकडी पूल ओलांडला. मुठेस गढूळ पाणी आले होते. डेक्कनवरून कर्वे रस्त्यास लागलो, तो डोक्यावर मेट्रोचा पूल. २०२२ साली सुरू झालेली ही गाडी नळ स्टॉपपर्यंत आम्हास चार मिनिटांत पोहोचवू शकली असती. पण तो मोह टाळावयाचाच, असा मुलांचा निश्चय होता. उजव्या हातास टेकडी पावसाने हिरवी झालेली, आणि डाव्या बाजूस घरांच्या दाटीपलीकडे नदी. सव्वाशे वर्षांपूर्वी या ठिकाणी शेते, ओढे आणि काळी चिकण माती याखेरीज काय असणार! आज पायांखाली डांबर असूनही नळ स्टॉप ओलांडेपर्यंत आमच्या चपला भिजून जड झाल्या, आणि पुतण्याने दोनदा विचारले, "अजून किती?"

वाटेत आम्ही मुलांस जुनी हकिगत सांगत होतो. धोंडो केशव कर्वे हे १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक. प्रथम पत्नीच्या निधनानंतर १८९३ साली त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील एका विधवेशी विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई अथवा बाया कर्वे म्हणून प्रसिद्धीस आल्या. या विवाहापायी कोकणातील मुरुड या त्यांच्या गावाने त्यांस बहिष्कृत केले. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. पुढे पुण्यात प्लेग बोकाळला, आणि गावाबाहेर जागा पाहणे प्राप्त झाले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि इमारतीसाठी ७५० रुपये दिले. त्यातून एक झोपडी उभी राहिली, आणि १९०० साली आश्रम तेथे गेला. अण्णांची नोकरी मात्र पुण्यात. तेव्हा कॉलेजचे शिकविणे आटोपावयाचे आणि पायी हिंगण्यास जावयाचे. आश्रमास लागणारे जिन्नसही पुष्कळदा स्वतःच वाहून न्यावयाचे, असा त्यांचा क्रम होता.

कर्वे रस्ता सोडून नदीच्या अंगास वळल्यावर कर्वेनगर लागते. हिंगणे बुद्रुक हे जुने नाव आता वृद्धांच्याच तोंडी उरले आहे. संस्थेच्या आवारात शिरलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. माई आधीच येऊन छत्री टेकून उभ्या होत्या. रविवार असल्याने वर्ग बंद होते. परंतु वसतिगृहातील मुली चहाचे पेले घेऊन गप्पा मारीत उभ्या होत्या. बालवर्गापासून थेट अभियांत्रिकीपर्यंतचे शिक्षण या परिसरात मिळते. मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय येथे १९९१ साली निघाले. आणि या साऱ्या मोठमोठ्या इमारतींच्या मध्ये ती झोपडी जपून ठेविलेली आहे.

ती पाहून मुलांची प्रथम थोडी निराशाच झाली. "एवढीशीच?" पुतण्या म्हणाला. माई मात्र चपला काढून आत गेल्या आणि उंबऱ्यापाशी हात टेकून बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांच्या मावशी येथे आल्या तोवर झोपडी मागे पडून आश्रम पुष्कळ विस्तारला होता. तरीही आपल्या घराण्यातील एका बाईचे आयुष्य या चार भिंतींपासून सुरू झाले, असे त्यांस वाटत असले पाहिजे. आम्ही त्यांस हाक मारली नाही.

तेथे उभे असता आमच्या मनात आले की, या झोपडीत थोर ते काय? जमीन दुसऱ्याने दिली, पैसे दुसऱ्यांनी दिले. अण्णांनी दिले ते आपले चालणे, आणि तेही कोणा एका शुभदिनी नव्हे, तर रोजचे. पहिल्या दिवसाच्या उत्साहास आपण टाळ्या वाजवितो. परंतु सत्तराव्या दिवशी, अंगात कसर असता आणि पायांत चिखल भरला असता, जो निघतो त्याच्यावर संस्था उभी राहते. अण्णांना मिळालेली माणसेही याच जातीची होती. बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले या स्वतः विधवा. त्यांनी आश्रमात राहून काम तर केलेच, पण गावोगाव हिंडून वर्गणी जमविली, आणि त्यासाठी परदेशप्रवासही केला. १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, अण्णांनी शाळा नसलेल्या खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापिले आणि त्याकरिता ते पुन्हा लहानसहान वर्गण्या मागत फिरू लागले. हिंगण्याची वाट जणू त्यांच्या पायांतून कधी गेलीच नाही.

अण्णांचा आणखी एक नेम आम्हास तेथे आठवला. शिकवण्या करून स्वतःचे शिक्षण चालविण्याच्या दिवसांतच त्यांनी मिळकतीतील रुपयामागे एक पैसा परोपकारासाठी बाजूस काढण्याची सवय लावून घेतली होती. पुढे मुरुडच्या मंडळींचा जो 'मुरुड फंड' निघाला, त्याचे बीजही हेच. त्या काळी रुपयाचे ६४ पैसे होत. म्हणजे चौसष्टावा हिस्सा. हे ऐकताच आमची पुतणी बोटांवर हिशेब करू लागली. "काका, आठवड्याचे १६८ तास. त्याचा चौसष्टावा हिस्सा म्हणजे दोन तास सदतीस मिनिटं. आपण तर जाण्यायेण्यासकट अडीच तासांचंच कबूल केलं होतं!" गणिताच्या प्राध्यापकाच्या झोपडीपुढे हा हिशेब व्हावा, आणि त्यात आमचीच बाकी निघावी, याची आम्हास लाज वाटल्यावाचून राहिली नाही.

परतताना आम्ही सर्वजण बसच्या थांब्यावर उभे असता माईंनीच दुसरा धागा काढला. "तो मुलगा काय म्हणाला? त्याचा वार रिकामा गेला. अरे, आपल्या घरी वार लावून मुलं जेवत असत, ते विसरलात?"

वाचकांपैकी वडीलधाऱ्यांस ही चाल ठाऊक असेल. परगावाहून शिकावयास आलेल्या गरीब विद्यार्थ्याने सात घरी सात वार लावावयाचे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. घरात पाहुणे असोत वा चणचण असो, सोमवारचा मुलगा सोमवारी जेवूनच जाई. कोणत्याही घरास त्याचा भार वाटत नसे, आणि मुलाचे वर्ष मात्र निभावून जाई. ही चाल आपापल्या जातीच्या कुंपणात राहिली, आणि काही घरी त्या मुलांस अन्नाबरोबर अपमानही गिळावा लागे, हे नाकारता येणार नाही. तेव्हा ती जशीच्या तशी परत यावी असे आमचे म्हणणे नाही. परंतु तिच्यातील शहाणपण घेण्याजोगे आहे. उपकार मनास येईल तेव्हा करावयाचा नव्हता. तो ठरल्या वारी करावयाचा होता. ज्याला पोट आहे, त्याला आपले जेवण ठरल्या दिवशी हवे असते. यजमानाच्या उत्साहाच्या दिवशी नव्हे.

हीच गोष्ट इतर सेवेसही लागू आहे. रक्तदानाचेच पाहा. दान केलेल्या रक्तातील तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवसच टिकतात. एखाद्या जयंतीस शेकडोंनी रांग लावली, तरी पुढच्या महिन्यांतील रोग्यांस तिचा उपयोग नाही. निरोगी पुरुषास ९० दिवसांनी व स्त्रीस १२० दिवसांनी पुन्हा रक्त देता येते. असे नेमाने येणारे थोडे लोकच रक्तपेढीस खरा आधार असतात. शाळेत गणित शिकविणे, अंध विद्यार्थ्यांस परीक्षेत लेखनिक म्हणून साहाय्य करणे, इस्पितळात अडाणी माणसास कागदपत्र भरून देणे, यांतील प्रत्येक ठिकाणी कोणीतरी आपली वाट पाहत असते. येतो म्हणून न येणारा हा मुळीच न कबूल करणाऱ्याहून वाईट, कारण तो दुसऱ्याची जागा अडवून ठेवतो.

येथे एकत्र कुटुंबाचे सामर्थ्य आणि दोष, दोन्ही आमच्या ध्यानात आले. एकट्या माणसास कधी ताप येतो, कधी कचेरीत अडकून पडावे लागते. त्याचा नेम मोडावयाचाच. सात माणसांच्या घराचा नेम मोडण्यास कारण नाही. परंतु काम सर्वांचे म्हटले की ते कोणाचेच राहत नाही, हाही आमचाच अनुभव. म्हणून त्या रात्री आमच्या वहिनींनी स्वयंपाकघरातील दिनदर्शिका काढली आणि वर्षअखेरपर्यंतच्या प्रत्येक गुरुवारी एकेक नाव लिहिले. ज्याचे नाव त्याने जावयाचे. अडचण असेल तर बदली माणूस त्यानेच पाहावयाचा. आणि काही केल्या कोणीच जाऊ शकत नसेल, तर त्या विद्यार्थ्यास आदल्या दिवशी कळवावयाचे. माईंनी आपलेही नाव घालण्यास सांगितले. त्यांची दृष्टी अधू झाली आहे. पण जुनी मोडी कागदपत्रे त्या अद्याप भिंगाने वाचतात, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यास ती विद्या दुसरे कोण शिकविणार?

या गोष्टीस आता सहा गुरुवार झाले. एकदा बदली माणूस गेले, एकदा अर्धा तास उशीर झाला. वार मात्र रिकामा गेला नाही. यापुढे जाणारच नाही, असे मोठ्या तोंडाने सांगण्याचे धैर्य आम्हास होत नाही. सहा गुरुवार म्हणजे हिंगण्याच्या वाटेवरील पहिला फर्लांगही नव्हे. म्हणूनच वाचकांस मोठा संकल्प करा असे आम्ही सांगत नाही. घरातील सर्वांनी एके रात्री एकत्र बसावे, आपल्याच पेठेतील, आपल्या आवाक्यातील एकच काम निवडावे, आणि त्यास आठवड्यातील एक वार देऊन टाकावा. जमल्यास मुलाबाळांसह एकदा हिंगण्याची झोपडीही पाहून यावी, आणि शक्य असेल तर पायी जावे.

या गुरुवारी आमच्या पुतण्याची पाळी आहे. पाऊस आहेच. सकाळपासून त्याची छत्री दाराशी काढून ठेविलेली आहे.