सुरगाण्याच्या वाटेवरची जुनी कॅसेट

नाशिकहून दिंडोरी, वणी, बोरगाव मार्गे सुरगाणा सुमारे ९० किलोमीटर. म्हसरूळला गजपंथाच्या डोंगराला हात जोडून गाडी पुढे निघाली, की दिंडोरीपलीकडेपर्यंत द्राक्षबागा सोबत करतात. वणी सुटली की सप्तशृंगीचा डोंगर मागे राहतो, बागा विरळ होतात आणि त्यांच्या जागी उतारांवरची नागली-वरईची शेते आणि भातखाचरे दिसू लागतात. कार्तिकी पौर्णिमा उलटलेली असावी, चातुर्मास संपलेला असावा, खाचरांत कापणीनंतरचे खुंट उरलेले असावेत. या वाटेने जाण्यास याहून चांगला काळ नाही.

अशाच एका सकाळी नाशिकमधील एक वृद्ध व्यापारी दांपत्य नातवासह सुरगाण्यास निघाले. गाडी जुनी मारुती एस्टीम. तिच्यात कॅसेटचा स्टिरिओ होता. आजींचे माहेर सुरगाण्याचे. त्यांचे थोरले बंधू अजूनही तेथील बाजारपेठेतील वडिलोपार्जित किराणा-धान्याच्या दुकानात बसतात. बसतात म्हणायचे इतकेच, कारण दृष्टी गेली आहे आणि हिशेब मुलगा पाहतो. भावाला भेटण्याखेरीज या प्रवासाला आणखी एक निमित्त होते, आणि ते नातवाच्या खिशात, काडेपेटीएवढ्या म्युझिक प्लेअरमध्ये होते.

सुरगाणा हे १९४८ पर्यंत देशमुखांचे लहानसे संस्थान होते. वस्ती मुख्यतः कोकणा, वारली आणि महादेव कोळी समाजांची. कोकणा लोकांत थाळीवर कथा गाण्याची जुनी रीत आहे. धातूच्या थाळीत मेणाने एक काडी उभी चिकटवायची आणि तिच्यावरून बोटे वरून खाली ओढायची. त्यातून जो अखंड गुंजारव उठतो, त्यावर गायक रात्र रात्र कथा सांगतो. दुकानात पोती उचलणारा एक हमाल असा गायक होता. १९८०नंतरच्या दशकात, टेपरेकॉर्डर घरोघरी आले तेव्हा, बंधूंनी दुकानाच्या ओट्यावर बसवून त्याच्या कथा सात कॅसेटींत उतरवून घेतल्या. पुढे गायक गेला. कॅसेटी फडताळात राहिल्या आणि सुरगाण्याच्या पावसाने त्यांवर पांढरी बुरशी धरली.

गेल्या वर्षी नातवाने त्या नाशिकला आणल्या. बुरशी लागलेली फीत तशीच लावली, तर यंत्राचे हेडही खराब होते. म्हणून त्याने आधी फीत हलक्या हाताने पुसली, सुटलेल्या दाबपट्ट्या पुन्हा बसवल्या आणि टेपडेकची वायर संगणकाला जोडून आवाज उतरवून घेतला. सातांपैकी पाच वाचल्या. धंद्यातल्या माणसाला हा वसुलीचा हिशेब कमी वाटेल, पण बुडीत खात्यातून इतके हाती येणे सहसा घडत नाही.

प्रश्न उरला तो हा आवाज गाडीत वाजवायचा कसा. बंधूंच्या दुकानात दिवसभर वर्दळ, घर वरच्या मजल्यावर, आणि त्यांचे गुडघे दुखतात. दाराशी उभ्या गाडीत बसून ऐकणे त्यांना सोयीचे पडले असते. स्टिरिओला प्लेअर जोडण्याचे भोक नव्हते. नवा स्टिरिओ बसवावा असे नातू म्हणाला. "गाडीची किंमत काय आणि तिच्यावर खर्च किती?" एवढेच आजोबा म्हणाले, आणि विषय संपला.

प्रथम सिगारेट-लायटरच्या भोकात बसणारा छोटा एफएम ट्रान्समीटर आला. तो प्लेअरचा आवाज रेडिओच्या एखाद्या मोकळ्या जागी सोडतो आणि गाडीचा रेडिओ तो पकडतो. नाशिक शहरात ८८ ते १०८च्या दरम्यान मोकळी जागा सापडेना. कथेच्या मध्येच जाहिरात घुसे. मग कॅसेटच्याच आकाराचा अडॅप्टर आणला. त्यात फीत नसते. स्टिरिओच्या हेडसमोर येईल असे एक छोटे हेड असते. प्लेअरमधून वायरने आलेला आवाज त्यात चुंबकीय चढउतार निर्माण करतो आणि स्टिरिओला वाटते की फीतच फिरते आहे. युक्ती साधी, स्वस्त आणि नाशिकपुरती बिनचूक होती. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने स्टिरिओचे हेड पुसल्यावर आवाज आणखी उजळला.

वणीनंतरच्या वळणांवर मात्र अडॅप्टर बाहेर येऊ लागला. आत ढकलावा, दोन मिनिटे वाजावा, पुन्हा बाहेर. फीत नसली तरी आतली चक्रे फिरावी लागतात. ती अडली की कॅसेट संपली असे समजून यंत्र ती परत करते. आजी म्हणाल्या, "अरे, आता राहू दे की. बाहेर बघ." पण नातू ऐकेना. त्याने पुन्हा ट्रान्समीटर काढला आणि गंमत अशी की, जो शहरात निरुपयोगी ठरला होता, तो येथे स्वच्छ चालू लागला. डोंगरांत केंद्रे पोचत नव्हती. सारी पट्टी मोकळी होती. बोरगावच्या फाट्यावर स्ट्रॉबेरीच्या पेट्या रचल्या जात होत्या. तेथून गाडी सुरगाण्याकडे वळली, तेव्हा थाळीचा गुंजारव चालू होता.

दुकानासमोर गाडी लावून बंधूंना हाताला धरून पुढच्या आसनावर बसवले. इंजिन चालू ठेवले, तर त्याच्या वेगाबरोबर चढणारी बारीक शिट्टी आवाजात मिसळत होती. म्हणून इंजिन बंद करून किल्ली अर्धीच फिरवून ठेवली. कथा सुरू झाली. बंधूंनी मान हलवली, पण काही मिनिटांनी ते एकदम म्हणाले, "मागे घे. ते पुन्हा लाव."

नातवाने मागे घेतले. गायकाच्या आवाजामागे तराजूच्या पारड्याचा खणखणाट होता, आणि त्याहून मागे कोणी तरी नागलीचा भाव विचारत होते. उत्तर देणारा आवाज आजींच्या वडिलांचा होता. "पायलीला सांगितला ना एकदा," इतकेच वाक्य. त्यांचा दुसरा कोणताही आवाज कोणापाशी नाही. ते वाक्य बंधूंनी सहा वेळा ऐकले. आजी मागच्या आसनावर होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही, फक्त खिडकीची काच वर केली, म्हणजे रस्त्याचा गोंगाट आत येऊ नये.

दुपार कलल्यावर गायकाचा नातू भेटीला आला. तो पिकअप चालवतो. दिवाळीनंतर गावोगावची माणसे द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी-निफाडकडे पोचवतो. त्याला पेनड्राइव्हमध्ये पाचही कॅसेटी भरून दिल्या. त्याने आजोबांचा आवाज कधी ऐकला नव्हता. त्याच्या गाडीत पेनड्राइव्ह घातला आणि वाजला; ना वायर, ना अडॅप्टर. नाशिकच्या पाहुण्यांना थोडे ओशाळल्यासारखे झाले.

सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकून निघायचे होते. एस्टीमची किल्ली फिरवली, तर नुसता कट्‌ असा आवाज. तीन तासांच्या कथेने जुनी बॅटरी उतरली होती. पिकअप समोरासमोर आणून केबल लावल्या. गाडी सुरू होईपर्यंत पिकअपमधले गाणे चालूच होते, आणि मागे चढून बसलेली कामाला निघालेली माणसे ते गुमान ऐकत होती. एक म्हातारी पुढच्या ओळी गायकाच्या आधीच म्हणत होती.