दुसऱ्या सालाचं इंजिन

पिकअपमध्ये शेवटी दुसरं इंजिन बसलं. जुन्या बाजारातलं, माझ्या गाडीपेक्षा अलीकडच्या सालाचं. कर्जतच्या गॅरेजात मिस्त्री चेन-कप्पीवरून ते खाली सोडत होते, मी ब्लॉकवर ठोकलेला नंबर बघत होतो. चिंधीनं काळं ग्रीस पुसलं की एकेक आकडा वर यायचा. कुणाची गाडी, कुठं फिरली, कोण सांगणार!

माउंटिंग जुळलं. पण माझं जुनं इंजिन साध्या डिझेल पंपाचं, हे कॉमन रेलचं. म्हणजे सेन्सर, ईसीएम, सगळं वायरिंग सोबत हवं. "भाऊ, लोखंड ऐकतं, वायर ऐकत नाही," मिस्त्री म्हणाले.

संध्याकाळी राशीन रोडला चक्कर मारली. ओढ झकास, धूर नाही. आवाज मात्र परका. जुना आवाज वळणावर आला की आई चहाचं आधण ठेवायची. आज मी दारात उभा, तरी तिला पत्ता नाही. चेसिस तीच, हौद्यातला कांद्याचा वासही तोच; तरी पाहुण्याची गाडी चालवल्यागत वाटलं. सवय होईल, किंवा नाही.

इंजिन बदललं की आरसीवर नवा नंबर चढवावा लागतो. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. मुदत 14 दिवस. खरेदीची पावती जपून ठेवा.