दोन टिंबांचा काफ

साठी उलटल्यावर माणसाने परीक्षेला बसू नये, असे आमच्या घरात सर्वांचे मत आहे. आयुष्यभर मराठीची मास्तरकी करताना मी दुसऱ्यांच्या वह्यांवर तांबड्या रेघा ओढल्या. आता चौसष्टाव्या वर्षी माझ्याच वहीवर तशा रेघा उमटाव्यात, याची नातवाला मोठी मौज वाटते. जुन्या नाशकात दूधबाजाराजवळ संध्याकाळी भरणाऱ्या एका वर्गात मी उर्दू शिकत होतो, आणि अधूनमधून लेखन व भाषांतर यांची चाचणी असे.

उर्दू म्हणजे काय, निम्मी आपलीच, अशा घमेंडीत मी गेलो होतो. अर्ज, फिर्याद, दप्तर, कागद, दौत यांना परके कोण म्हणेल? शिवछत्रपतींनी राजव्यवहारकोश करवून घेतला आणि अशा तेरा-चौदाशे शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. तरी ही मंडळी काही मराठीचे घर सोडून गेली नाहीत.

पण मुक्कामाला राहिलेला पाहुणा आपल्या घरच्या चालीरीती उचलतो, हे मी विसरलो होतो. पहिल्याच चाचणीत उताऱ्याखाली सूचना होती, ‘खुलासा लिहा.’ मी ऐसपैस दोन पाने भरून स्पष्टीकरण दिले. शिकवणाऱ्या बाई माझ्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान. त्या हळूच म्हणाल्या, “सर, खुलासा म्हणजे सारांश. चार ओळी पुरे होत्या.” मग एकेक भानगड कळत गेली. मराठीत राजीनामा देऊन माणूस नोकरी सोडतो. उर्दूत राज़ीनामा म्हणजे तडजोडीचा कागद. तिकडे दाखला म्हणजे शाळेतला प्रवेश; आपल्याकडे शाळा सोडल्यावर तो हाती पडतो. फाजील म्हणजे तर तिकडे विद्वान! मी मात्र त्या दिवशी मराठी अर्थानेच फाजील ठरलो.

शुद्धलेखनाला उर्दूत इमला म्हणतात. आपण इमले बांधतो, ते लिहितात. माझे पुष्कळ इमले ढासळले. जमीन, कागद, मर्जी आणि नजर यांच्या उर्दू रूपांत कानाला एकच ‘ज़’ ऐकू येतो, पण लिहिताना चौघांची चार निराळी अक्षरे. शब्द अरबी-फारसीतून आले ते आपापले अक्षर सांभाळीत. उच्चार मवाळ झाले, लिखाण मात्र हटले नाही.

एकदा भाषांतराला वाक्य आले, ‘दिवाळीपूर्वी त्याने सगळा हिशेब बेबाक केला.’ यात काय अवघड? शब्द आपला, अर्थही तोच. मी साधा काफ काढून मोकळा झालो. बाई वही पाहून हसल्या. “सर, तुमचा हिशेब निर्भय झाला! साध्या काफचा बेबाक म्हणजे न भिणारा. देणे फिटले म्हणायचे तर दोन टिंबांचा काफ हवा. ‘बाकी’मध्ये आहे ना, तोच. काही बाकी नाही, म्हणून बेबाक.”

सगळा वर्ग हसला. मला हसू आले नाही. मला एक चिठ्ठी आठवली.

भद्रकालीत आमच्या वाड्याशेजारी एक बांधणीकार राहत. आम्ही मुले त्यांना चाचा म्हणत असू. त्यांच्या हातांना कायम खळीचा वास असे. वडील दरवर्षी दिवाळी अंक त्यांच्याकडून बांधून घेत. १९७२ च्या दुष्काळात गावाकडची माणसे आमच्याकडे येऊन राहिली. मास्तरच्या पगारात तोंडे वाढली आणि पाच खंडांचे पैसे द्यायचे राहिले. चाचांनी खंड पोचते केले आणि स्वतः मुलाकडे मालेगावला निघून गेले. तिथेच वारले. शेवटच्या खंडात उर्दूतली एक चिठ्ठी होती. वडिलांनी ती बिल समजून ट्रंकेत ठेवली. आपली थकबाकी चारचौघांत वाचली जाऊ नये, म्हणून त्यांनी ती कधीच कुणाला दाखवली नाही. दर लक्ष्मीपूजनाला म्हणत, “चाचांचे राहिलेच.” ती चिठ्ठी आपण स्वतः वाचावी, याच हट्टाने मी उर्दू धरली होती, पण घाईघाईच्या अक्षरांपुढे दोनदा हात टेकले होते.

त्या रात्री ट्रंक पुन्हा उघडली. कागद पिवळा पडला होता. उजवीकडून एकेक अक्षर लावीत गेलो. मास्टर साहब. पाच जिल्दा. शेवटी दोनच शब्द, ‘हिसाब बेबाक’. काफवर दोन टिंबे ठसठशीत होती.

पैसे पोचले नव्हते, हे नक्की. म्हणजे हिशेब चाचांनीच मिटवला होता, आणि वडील ते देणे उराशी धरून गेले. शेजारच्या माणसाची दोन शब्दांची लिपी आम्हाला येत नव्हती, एवढ्यासाठी!

वर्षअखेरीच्या परीक्षेत पत्र लिहायचे होते, स्नेह्याला आभाराचे. मी ते चाचांना लिहिले, वडिलांच्या वतीने. बाईंनी उत्तरपत्रिका दाखवली तेव्हा इमल्याच्या सात चुका निघाल्या होत्या.

बेबाक त्यांत नव्हता.