दिनक्रमाची भाषा

परकी भाषा शिकायला निघालेल्या प्रौढ माणसाला पहिली भीती वाटते ती व्याकरणाची. मला मात्र निराळाच प्रश्न पडला होता : शब्द चार आले, तरी बोलायचे कशाविषयी?

माझा मुलगा नोकरीनिमित्त बँकॉकला गेला आणि तेथेच त्याचा विवाह झाला. सूनबाईंशी इंग्रजीत जुजबी बोलता येई; परंतु विहीणबाईंना थाईखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. दूरध्वनीच्या पडद्यावर आम्ही दोघी एकमेकींना हात जोडत असू. त्यांचा 'वाय' आणि आपला नमस्कार दिसायला सारखाच. मग दोघी हसत असू आणि संभाषण तेथेच संपे. नात्याला हात जोडण्यापलीकडचे काही शब्द हवेत असे वाटून मी वयाच्या चौपन्नाव्या वर्षी थाई भाषेसाठी एक वही केली.

माझे कार्यालय चंदीगढच्या कॅपिटल कॉम्प्लेक्समध्ये, सचिवालयाच्या इमारतीत आहे. ल कॉर्बुझिए या वास्तुशिल्पकाराने रचलेल्या या परिसराचा 2016 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. सुमारे अडीचशे मीटर लांबीच्या त्या इमारतीत पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांची कार्यालये आहेत. एका बाजूच्या फायली गुरुमुखी लिपीतील पंजाबीत, तर दुसऱ्या बाजूच्या देवनागरीतील हिंदीत. साताऱ्याहून लग्न होऊन मी या शहरात आले तेव्हा मला पंजाबीचा एक शब्दही ठाऊक नव्हता. मी ती पुस्तकातून शिकले नाही. दुपारी डबा उघडताना शेजारची सहकारी रोज विचारी, "रोटी खा लई?" आणि मी रोज उत्तर देई. त्या एका प्रश्नोत्तराला हळूहळू दुसरी वाक्ये जोडली गेली : किती वाजता उठलात, बस मिळाली का, मुले शाळेत गेली का. माणसाचा दिवस रोज साधारण त्याच वाटेने जातो. म्हणून दिनक्रमाचे शब्द थोडे असतात आणि त्यांची उजळणी आपोआप घडते. थाईसाठीही हीच वाट धरावी असे मी ठरवले.

जेवणाच्या सुट्टीत सावलीची जागा पाहून मी वही उघडू लागले. 'तुएन नॉन' म्हणजे झोपेतून उठणे, 'आप नाम' म्हणजे अंघोळ करणे, 'पै तलात' म्हणजे बाजारात जाणे, 'थुक वान' म्हणजे दररोज. एक मोठी सोय लक्षात आली. मराठीत पुरुष 'मी उठतो' म्हणतो आणि स्त्री 'मी उठते' म्हणते. काळ बदलला की पुन्हा रूप बदलते. थाई क्रियापद मात्र कधीच बदलत नाही. 'काल', 'उद्या' असे शब्द जोडले की काळ कळतो. वाक्याच्या शेवटी आदर दाखवण्यासाठी पुरुष 'ख्राप' म्हणतो आणि स्त्री 'खा' म्हणते. व्याकरणात वाचलेले कष्ट उच्चारात मात्र भरून काढावे लागतात. या भाषेत पाच स्वर आहेत, म्हणजे आवाजाचे पाच चढउतार. 'खाओ' हा शब्द एका सुरात भात, दुसऱ्यात बातमी, तर तिसऱ्यात पांढरा रंग होतो.

थाई माणूस भेटला की विचारतो, "किन खाओ रू यांग?" म्हणजे 'भात खाल्ला की अजून नाही?' येथे भात म्हणजे सगळेच जेवण. पंजाबात त्या जागी रोटी येते, आपल्या खेड्यांत भाकरी येते. जमिनीत जे पिकते, तेच विचारपुशीत उतरते.

घड्याळाची भाषाही अशीच मनोरंजक वाटली. थाई बोलीत दिवसाच्या तासांना 'मोंग' आणि रात्रीच्या पहिल्या तासांना 'थुम' म्हणतात. मोंग हा घंटेचा आवाज, थुम हा नगाऱ्याचा. सायंकाळचे सात म्हणजे एक थुम, आठ म्हणजे दोन थुम, अर्थात 'सोंग थुम'. पूर्वी वेळ वाजवून सांगत, त्याची ही आठवण. आपणही 'किती वाजले?' असेच विचारतो, पण त्या वाजण्यातला ठोका आपल्याला आता ऐकू येत नाही. थाईत घड्याळाला 'नालिका' म्हणतात. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांतील चोवीस मिनिटांची नाडिका या शब्दाची जवळची नातलग. वेळेला तेथे 'वेला', भाषेला 'फासा', आहाराला 'आहान' म्हणतात. संस्कृत आणि पाली या भाषांचे हे धागे पाहून परकेपणा पुष्कळ कमी झाला.

काही महिन्यांनी आमचे बोलणे सुरू झाले. त्या कधी उठतात, बाजारात केव्हा जातात, दिवे लागल्यावर कोणासह जेवतात, हे त्या सांगत आणि मीही माझा दिवस सांगत असे. पुढे व्याह्यांचे निधन झाले. मुलांनी विचारले की विहीणबाई 'सबाय दी', म्हणजे 'मी बरी आहे', एवढेच म्हणत. मुलांचे समाधान होई. एके दिवशी नेहमीप्रमाणे दिनक्रम सांगताना त्या म्हणाल्या, "किन खाओ खोन दिआओ." एकटीच जेवते. त्या वाक्यात दुःख, आठवण यांसाठी एकही शब्द नव्हता, आणि असता तरी मला तो समजला नसता. पण हे चार शब्द मला समजले. मला वैधव्य येऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. मी म्हणाले, "चान को किन खाओ खोन दिआओ." मीही एकटीच जेवते.

बँकॉकचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. तेथे सोंग थुम होतात तेव्हा चंदीगढमध्ये साडेसहा वाजलेले असतात. त्या दिवसापासून त्या वेळी त्यांचे ताट आणि माझा चहा पडद्याच्या दोन बाजूंना समोरासमोर असतात. कधी बोलणे होते, कधी होत नाही.

आमच्या परिसरात 'ओपन हँड' नावाचे सुमारे 26 मीटर उंचीचे शिल्प आहे. वाऱ्यासरशी फिरणारा तो उघडा तळवा देण्यासाठी आहे आणि घेण्यासाठीही, असे त्याच्या शिल्पकाराला सुचवायचे होते. भाषेचेही असेच असते. वाचकहो, आपण नवी भाषा शिकत असाल तर मोठे विचार मांडता येईपर्यंत थांबू नका. उठणे, नहाणे, कामाला जाणे, जेवणे एवढे सांगता आले तरी पुरे आहे. समोरच्या माणसाचा दिवस समजला, की त्या दिवसात काय उणे पडले आहे तेही समजू लागते.