अंगठा बोटांच्या रांगेत

यशवंतपुरात सकाळी दोन वास असतात. वारा साबणाच्या कारखान्याकडून आला तर चंदनाचा, आणि मागच्या बोळांतून आला तर लेथवर तापलेल्या लोखंडाचा, त्यावर सोडलेल्या दुधाळ तेलपाण्याचा. मला दुसरा जास्त आवडतो. शेजारणींपुढे हे बोलायची सोय नाही, म्हैसूर सँडलबद्दल इथं कुणी वावगं ऐकून घेत नाही. बाजार समितीच्या यार्डात एमएच पाटीचे ट्रक कांदा उतरवत असतात, मेट्रो डोक्यावरून जाते, आणि आसपासच्या पत्र्याच्या शेडमध्ये कुणी गिअर कापतो, कुणी बुश ठोकतो, कुणी झिजलेल्या शाफ्टवर वेल्डिंगचा भराव देतो. जवळच जालहळ्ळी. 1953 साली तिथं एचएमटी उभी राहिली ती यंत्रं घडवणारी यंत्रं घडवायला; मनगटावरची घड्याळं मागाहून आली. एचएमटीचे ट्रॅक्टर तर 1971 पासूनचे, आणि तेही इथले नव्हेत, हरियाणातल्या पिंजोरचे. पण लोखंडाशी नीट वागायची या भागाची सवय जुनी आहे, ती बोळातल्या शेवटच्या शेडपर्यंत दिसते.

अशा एका शेडमध्ये मी हँडल करून घ्यायला गेले. भावजींच्या फर्ग्युसनसाठी.

भावजींचं शेत नेलमंगलाच्या पुढं. तिथं त्यांनी करड्या रंगाचा एक म्हातारा ट्रॅक्टर आणून उभा केला आहे. फर्ग्युसन टीई-20. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला 1946 ते 1956 या दहा वर्षांत असे पाच लाखांवर निघाले. एडमंड हिलरी 4 जानेवारी 1958 ला दक्षिण ध्रुवावर पोचला तो असल्याच फर्ग्युसनवरून, चाकांभोवती साखळपट्टे चढवून. भावजी ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, आणि त्यांचा स्वतःचा ट्रॅक्टर चिंचेखालून हलत नाही. सेल्फ गेलेला, त्याच्या वायरी उंदरांनी खाल्लेल्या. राहता राहिलं हँडल, तर तेही नव्हतं.

हँडल ही वस्तू मुळी हरवण्यासाठीच जन्माला येते. घरात एवढा मजबूत, हाताला बसणारा, वाकडा लोखंडी दांडा असला की तो नारळ फोडायला जातो, पहार म्हणून जातो, बैलगाडीच्या चाकाला अटकाव म्हणून जातो आणि शेवटी भंगारवाल्याच्या तराजूत जातो. ट्रॅक्टर साठ-सत्तर वर्षं टिकतो. त्याचं हँडल टिकलेलं क्वचित दिसतं.

मी हँडलं बघत वाढले आहे. माहेर पलूसकडचं, किर्लोस्करवाडी हाकेच्या अंतरावर. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या त्या माळावर नांगराचा कारखाना मांडला. डिझेल इंजिनं नंतरची, पुण्यात खडकीला 1946 पासून. आमच्या विहिरीवरचं त्यांतलंच, एका सिलिंडरचं, पाच हॉर्सपॉवरचं. आण्णा हँडल मारायचे आणि माझ्याकडे माथ्यावरची दांडी असायची. ती उचलून धरली की झडप उघडी राहते आणि आत हवा दाबली जात नाही. डिझेलला ठिणगी लागत नाही, दाबून तापलेल्या हवेनंच ते पेटतं. पण तेवढी हवा सरळ दाबायची ताकद माणसाच्या दंडात नसते. म्हणून आधी झडप उघडी ठेवून नुसतं फिरवायचं. जड चाक जडपणानंच हळूहळू वेग धरतं. नोझलमधून कर्र, कर्र असा आवाज येऊ लागला की डिझेल पोचलं. आण्णांचा पाठकणा वाकायचा, सदरा पाठीला चिकटायचा, चाकाच्या आऱ्या दिसेनाशा व्हायच्या, आणि ते ओरडायचे, "सोड!" मी दांडी सोडायची. दंडाला न झेपणारं काम मग ते चाक करून टाकायचं. एक धक्का, काळ्या धुराचा एक भपकारा, आणि पाण्याचा पाइप थरथरायला लागायचा.

सोडायचा तो क्षण आण्णा कशावरून ओळखायचे, हे मी विचारलं होतं. हाताला कळतं, म्हणाले. तेवढंच. मला मात्र हँडल कधी मिळालं नाही. भावाला मिळालं, तो माझ्याहून लहान असून. दांडी पोरीची, हँडल पोराचं, हे ठरलेलंच होतं. खंडेनवमीला मी त्या हँडलला हळदकुंकू लावायचे. हात लावायची तेवढी एक परवानगी.

शेडमधले मिस्त्री खानापूरकडचे. माझं मोडकं कन्नड ऐकून त्यांनी दोन वाक्यांत मला ओळखलं आणि मराठीवर आले. लेथ किर्लोस्करांचा, हरिहरच्या कारखान्यातला. तो कारखाना 1941 चा, आता बंद पडलेला. लेथ चालू आहे. मला उगाच माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. मी म्हटलं, एक सळई दोनदा वाकवायची, एवढंच तर काम. मिस्त्रींनी चष्म्यावरून बघितलं.

"अक्का, वाकवायला कोणबी वाकवतंय. ते धरायला पायजे, आणि सोडायलाबी पायजे. ते वाकवून हुईत न्हाई."

मग ते रविवारी शेतावर आले, जाड तार घेऊन. रेडिएटरच्या खाली, पुढच्या आसाच्या बैठकीत एक भोक असतं. त्यातून हँडल आत जातं आणि थेट इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या टोकाला भिडतं. तार आत घालून, बाहेर वाकवून, त्यांनी हवेतच हँडलचं माप घेतलं. हात किती लांब ठेवायचा यावर भावजींशी त्यांचं बरंच झालं. हात लांब केला की जोर कमी लागतो, पण वळसा मोठा होतो आणि खाली येताना बोटं जमिनीशी सलगी करतात. आखूड केला की बोटं वाचतात, खांदा जातो.

दांडा जुन्या शाफ्टचा निघाला, भंगारातला. शेजारच्या लोहाराच्या भट्टीत तो आधी लाल, मग नारिंगी झाला. घण आपटायचा नाही, असं मिस्त्रींनी बजावलं. आपटलं की वळणाच्या पोटात चुणी पडते आणि पुढं तिथंच चीर जाते. पाइप चढवून सावकाश दाबत वळण घेतलं. पहिलं वळण, दुसरं वळण, दोन्ही एकाच पातळीत. लेथवर टोक कातलं, आडवं भोक पाडलं, त्यात पिन ठोकली. पिनला पाणी तेलातलं दिलं. मुठीवर पाइपचा एक मोकळा तुकडा घातला, म्हणजे दांडा फिरतो, पाइप हातात स्थिर राहतो आणि तळवा सोलत नाही.

पण मिस्त्रींचा खरा वेळ गेला तो ट्रॅक्टरकडच्या दातांवर. शाफ्टच्या टोकाला एक दातेरी नट असतो. त्याच्या दाताची एक बाजू उभी, भिंतीसारखी, दुसरी उतरती. हँडल सुलटं फिरवलं की पिन उभ्या बाजूला टेकते आणि शाफ्ट फिरतो. इंजिन पेटलं की शाफ्ट हातापेक्षा जोरात पळतो, मग उतरती बाजू मागून येते आणि पिनला अलगद बाहेर ढकलते. इंजिन लागलं की हँडल आपोआप सुटलंच पाहिजे. न सुटणारं हँडल म्हणजे इंजिनाच्या वेगानं फिरणारा सोटा. आमच्या नटाचे उतार झिजून खड्डे पडले होते. मिस्त्रींनी भराव दिला आणि चिंचेखाली उकिडवे बसून कानशीनं उतार घासायला घेतला. घासायचे, पिन टेकवून बघायचे, बोट फिरवायचे, पुन्हा घासायचे. बारीक कीस त्यांच्या पायजम्यावर चमकत होता. यंत्रावर करता आलं असतं, पण नट काढायला गेलं की तो काढताना फुटेल ही त्यांना धास्ती. मला ते काम बघत दिवसभर बसता आलं असतं. चालकाला वेळेवर दूर सारणारी एवढी साधी, एवढी सभ्य युक्ती दुसऱ्या कुठल्या अवजारात मी पाहिलेली नाही.

ही सभ्यता एकाच दिशेची, हेही सांगायला हवं. ठिणगी वेळेआधी पडली, तर पिस्टन उलटा फेकला जातो, शाफ्ट मागं फिरतो, आणि उभी भिंत पिनला घेऊन येते. तेव्हा हँडल सुटत नाही, हातच मोडतो. मनगटाजवळच्या अंगठ्याकडच्या हाडाच्या एका मोडीला डॉक्टर आजही शोफर्स फ्रॅक्चर म्हणतात, हँडल मारण्याच्या काळातल्या मोटारचालकांच्या नावानं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं विजेचा सेल्फ केला आणि 1912 च्या कॅडिलॅकला तो लागला, तेव्हा कितीतरी मनगटं वाचली असतील. जुन्या हँडलांवर गहिवरून बोलणाऱ्यांनी त्या मनगटवाल्यांना एकदा विचारावं. आण्णांचा यावर एकच नियम होता: "अंगठा बोटांच्या रांगंत. पलीकडं न्हेऊ नगंस." मूठ वळायची नाही, अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. उलटा झटका आला तर बोटं उघडतात आणि दांडा निघून जातो. हा नियम त्यांनी भावाला सांगितला होता. मी दांडीपाशी उभी राहून ऐकला.

फर्ग्युसनला आणखी एक खोड आहे. त्याच्या सेल्फचा खटका गिअरच्या दांडीतच बसवलेला. दांडी सेल्फच्या जागी नेल्याशिवाय तो लागत नाही, म्हणजे गिअरमध्ये असताना ट्रॅक्टर चुकून सुरू होत नाही. हँडलला हा पहारा नाही. गिअर पडलेला असला तर पेटलेला ट्रॅक्टर समोर वाकलेल्या माणसाच्याच अंगावर येतो. म्हणून मिस्त्रींनी ट्रॅक्टर पुढंमागं ढकलून गिअर सुटा असल्याची खात्री केली, चाकांना दगड लावले, आणि तरीही पुन्हा दांडी हलवून बघितली.

भावजींनी मारलं. खोकला आला, इंजिन नाही. मिस्त्रींनी मारलं. मग मी पदर खोचला.

"वहिनी, राहू द्या, लागेल हाताला."

"बाजूला व्हा, भावजी."

पिन बसली तेव्हा कट् असं मनगटात जाणवलं. हळूच वर ओढलं तर एका जागी आतून कुणी हात धरावा तसं जड झालं. आण्णांच्या हाताला काय कळायचं, ते तिथं होतं. मी तिथंच थांबले, दांडा खाली घेऊन पुन्हा बसवला, अंगठा रांगेत घेतला आणि ओढलं. पेट्रोलच्या या इंजिनात हवा डिझेलइतकी दाबत नाहीत, म्हणून माथ्यावर दांडी लागत नाही, सोडायला पोरगीही लागत नाही. चारही सिलिंडर एकामागून एक जागे झाले आणि हँडल हातात सैल पडलं, झटका न देता. चिंचेवरचे कावळे उडाले. भावजी हिलरीबद्दल काहीतरी ओरडत होते, ऐकू येत नव्हतं.

मिस्त्री मात्र खूश नव्हते. त्यांनी इंजिन बंद करायला लावलं, हँडल पुन्हा घातलं, रिकामंच फिरवलं आणि खालच्या बाजूला माझी बोटं आसाच्या किती जवळून जातात ते मला दाखवलं. हात अर्धा इंच लांब झालाय म्हणाले, आणि मुठीवरचा पाइपही खुळखुळतोय. तेव्हा हँडल सध्या यशवंतपुरात आहे, शेडच्या कोपऱ्यात, त्या तारेच्या मापाशेजारी. भावजी रोज फोन करून विचारतात. मिस्त्री म्हणतात, आधी यार्डातल्या कांद्याच्या ट्रकचं काम, मग तुमचं.