बारा कोसांच्या आत

दर बारा कोसांवर भाषा बदलते, असं म्हणतात. मिरजेत ही म्हण ऐकली की जरा अडखळायला होतं. कोस साधारण तीन किलोमीटरचा धरला तर बारा कोस म्हणजे छत्तीस किलोमीटर. मिरजेहून म्हैसाळच्या वाटेला लागलं, तर त्याच्या निम्म्या अंतरातच कागवाड येतं. तिथे बेळगाव जिल्हा सुरू होतो आणि पाट्या कानडी होतात. म्हणजे चार-पाच कोसांतच काम झालं. बरं, कागवाडच्या बाजारात मराठी बोललं तरी अडत नाही, आणि इकडे सांगली जिल्ह्यातच जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा भरतात. मग भाषा नेमकी कुठे बदलली?

उत्तरेकडे हीच म्हण निराळ्या मापाने सांगतात: पाणी कोसाकोसाला बदलतं आणि बोली चार कोसांवर. मिरजेला हे चार कोसांचं माप जास्त जुळतं. पण दोन्ही म्हणी कुणी केल्या असतील, हा विचार सुटत नाही. घरी बसलेल्या माणसाने नक्कीच नाही. बारा कोस म्हणजे दिवसभराची लांब मजल. भाषा बदलली हे ती मजल मारणाऱ्यालाच कळणार. वारकऱ्याला, वंजाऱ्याला, गूळ-मिरची घेऊन फिरणाऱ्या व्यापाऱ्याला. म्हण वाटसरूच्या बाजूने बोलते. ज्याच्या ओसरीवर तो वाटसरू उतरला, त्याने काय करायचं हे ती सांगत नाही. वाटसरूच्या तोंडून त्याच्या गावचा एखादा शब्द निघाला तर त्याला थांबवायचं, की हसून विचारायचं, की कळल्यासारखं करून पुढे जायचं?

जिथे एकच भाषा चालेल असं ठरलेलं असतं, तिथे हा प्रश्न टोचतो. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मधल्या सुट्टीतही मराठी बोलू नये असा दंडक असतो. परदेशी कंपनीच्या बैठकीत कुणी कळवळून मराठी म्हण काढली तर क्षणभर सगळे गप्प होतात. असं बोलणाऱ्याला लोक आगाऊ समजतात किंवा गावंढळ. दोन्ही ठिकाणी नियमामागचं कारण मात्र सभ्य असतं: सगळ्यांना कळावं. त्या कारणाला सहज धुडकावता येत नाही. ज्याला कळलं नाही तो खरोखरच बाहेर राहतो.

मिरजेतल्या दवाखान्यांनी हा पेच रोज सोसला आहे. विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी 1894 साली इथे रुग्णालय काढलं आणि तेव्हापासून कर्नाटकातले रोगी रेल्वेने मिरजेला उतरत आले. 1962 साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. शिकवणं इंग्रजीत, केसपेपर इंग्रजीत. पण रोग्याची तक्रार आधी त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी, असंही वैद्यकाची पुस्तकं सांगतात. विजापूरकडची बाई कानडीत दुखणं सांगते, बरोबरचा भाचा मराठीत सांगतो, विद्यार्थी इंग्रजीत उतरवतो. तिचे स्वतःचे शब्द त्या कागदावर किती उरतात?

सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी मात्र एक शब्द उरवला. नाटककार गोविंद बल्लाळांचे हे बंधू. डोळ्यांसमोर वाचक होते ते इंग्रजी वाचणारे, गोऱ्या अभ्यासकांसकट. त्यांच्यासाठी 1910 साली देवलांनी पुस्तक लिहिलं: ‘द हिंदू म्युझिकल स्केल अँड द ट्वेंटी-टू श्रुतीज’. ‘श्रुती’ म्हणजे स्वरांमधलं सूक्ष्म अंतर; तो शब्द त्यांनी थेट मथळ्यातच ठेवला. अर्नेस्ट क्लेमंट्स या आयसीएस अधिकाऱ्याने त्या विचारात रस घेतला, 1913 साली स्वतःचं पुस्तक काढलं, बावीस श्रुतींची पेटी घडवण्याचे प्रयत्न झाले. त्या श्रुती गळ्यातून काढून दाखवायला जे गवई पुढे आले, ते अब्दुल करीम खाँ.

आणि खाँसाहेबांचं नाव निघालं की बाकीचं मागे पडतं.

कैराना गावचा हा माणूस. बोली हिंदुस्थानी, गाण्याचे बोल ब्रजातले. बडोद्याहून ताराबाई माने त्यांच्याबरोबर आल्या, संसार मराठी मुलखात झाला. हिराबाई बडोदेकर 1905 साली मिरजेतच जन्मल्या. खाँसाहेबांनी मराठी नाट्यपदं ध्वनिमुद्रित केली. म्हैसूर दरबारी त्यांचं जाणं-येणं होतं, तिथून कर्नाटकी ढंगाची सरगम त्यांच्या गाण्यात आली. पण याही पुढे जाऊन त्यांनी खरहरप्रिया रागातली त्यागराजांची एक तेलुगू कृती मुद्रित केली. किराणा घराण्याच्या गवयाने, तेलुगूत.

ती ध्वनिमुद्रिका आजही ऐकायला मिळते. तेलुगू बोल त्या गळ्यात शिरून किराण्याचे होतात. सूर लांबतो आणि अक्षरं त्याच्या मागून येतात. ऐकताना मन भरून येतं, यात शंका नाही. पण एवढ्यावर थांबता येत नाही. मिरजेत ते ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना शब्द कळले असतील? तेलुगू घरातल्या माणसाला ते उच्चार कसे वाटले असतील? हे त्या भाषेवरचं प्रेम होतं की रागावरचं, आणि हा फरक ऐकणाऱ्याने करावा का?

27 ऑक्टोबर 1937 रोजी, पाँडिचेरीच्या वाटेवर, सिंगपेरुमाळकोइल स्टेशनवर त्यांनी देह ठेवला. दफन मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्यापाशी झालं. तिथे त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. किराण्याचे थोर गवई पुष्कळसे कानडी मुलखातले: कुंदगोळचे सवाई गंधर्व, हुबळीच्या गंगूबाई, गदगचे भीमसेन. कानडी घरात वाढलेली ही माणसं मराठी श्रोत्यांपुढे ब्रजातली बंदिश गायली. भीमसेनांनी पुरंदरदासांची पदंही गायली आणि मराठी श्रोत्यांनी ती कानडीतच कानांत साठवली. कुणी अर्थाचा हट्ट धरला नाही.

पण एखादं कानडी वाक्य मिरज स्टेशनच्या तिकीट खिडकीवर रांगेत उमटलं की दोन-तीन माना वळतात. बेळगावात मराठी वाक्याला त्याहून जास्त वळतात. 1956 च्या भाषावार राज्यरचनेपासूनचा सगळा सीमावाद त्या वळण्यात असतो. गाण्याला मोकळीक आहे, बोलण्याला नाही. गाणं उत्तर मागत नाही म्हणून असेल. बोललेलं वाक्य समोरच्यावर काहीतरी टाकतं, आणि न कळल्याची लाज त्याच्या वाट्याला येते.

हे पटतं, पण पुरेसं वाटत नाही. इंग्रजी शब्द मराठी बोलण्यात पावलोपावली येतात, उत्तरही मागतात, आणि माना वळत नाहीत. न कळणारा निमूटपणे लाज गिळतो. मग हरकत न कळण्याला आहे, की ते कुणाच्या तोंडून आलं याला? शिवाय खाँसाहेब हे खाँसाहेब होते. नाव नसलेल्या एखाद्या पोराने त्या काळी मिरजेच्या बैठकीत तेलुगू पद काढलं असतं, तर त्याला गाऊ दिलं असतं का? आणि आज वैद्यकीय महाविद्यालयात केस मांडणाऱ्या विद्यार्थ्याने त्या विजापूरच्या बाईचं कानडी वाक्य जसंच्या तसं उच्चारलं, तर ते तिच्याबद्दलचं इमान ठरेल, की वर्गात बसलेल्या, कानडी न येणाऱ्या साठ-सत्तर मुलांवर अन्याय?