काट्याजवळची खुर्ची

दोनशे चौदा पानं होती आणि प्रत्येक पानाच्या तळाशी तीन सह्या. एक कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांची, एक मुख्य लेखापालांची आणि एक आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरची. १९९८चा जुलै महिना. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्यासाठी ऊसनोंदीपासून शेतकऱ्याच्या बिलापर्यंतचं, आणि कामगारांच्या पगाराचंही, सॉफ्टवेअर आम्ही करणार होतो, आणि काय काय करायचं ते सगळं या पानांत लिहिलेलं होतं. मी तेव्हा चोवीस वर्षांची. त्यातली साठेक पानं माझ्या हातची. सह्या झाल्या त्या दिवशी मला वाटलं, अवघड काम संपलं; आता कोड तेवढा लिहायचा.

त्या पानांत एक वाक्य होतं. वाहन काट्यावर येईल, भरलेलं वजन घेतलं जाईल, ऊस उतरवल्यावर रिकामं वजन घेतलं जाईल, फरक शेतकऱ्याच्या खात्यावर जाईल. शोधूनही यात चूक सापडणार नाही. नोव्हेंबरात बॉयलर पेटला, गाळपाला ऊस नेणाऱ्या गव्हाणीत मोळी पडली आणि पहिल्याच रात्री हे वाक्य मोडलं. एक ट्रॅक्टर आला, त्याला दोन ट्रॉल्या. पुढची एका शेतकऱ्याची, मागची दुसऱ्याची. आमच्या स्क्रीनवर शेतकऱ्यासाठी चौकट एकच. त्याच्यामागे बैलगाड्या लागलेल्या. बैल काट्यावर ताटकळत उभे राहत नाहीत. गाडी हलते, आकडा हलतो, आणि तो थांबेल त्या क्षणी टिपावा लागतो. नेमक्या त्याच क्षणी आम्ही काटा लिपिकाला बारा आकडी चिठ्ठी क्रमांक टाइप करायला लावत होतो. पुण्यात ऑफिसात चाचणी घेतली तेव्हा एका वजनाला दीड मिनिट लागलं होतं, आणि ते आम्हाला पुरेसं वाटलं होतं. रात्री अकरापर्यंत रांग गेटाबाहेर गेली. तोडलेला ऊस थांबला की त्यातली साखर उतरू लागते, त्यामुळे गव्हाण रिकामी राहणं आणि रांग खोळंबणं, दोन्हींत नुकसान होतं. काट्यावर बसणारे एक ज्येष्ठ लिपिक होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी काही न बोलता कीबोर्ड बाजूला सारला आणि खणातून रजिस्टर काढलं. तो हंगाम आणि पुढचे कित्येक हंगाम काटा त्या रजिस्टरवरच चालला.

अण्णांना मी पाहिलं तेच त्या रात्री. ही गोष्ट मला अजून बोचते. गरजा समजून घ्यायला आम्ही मे-जूनमध्ये गेलो होतो. हंगाम संपलेला, काटा बंद, पहिल्या पावसाने त्याच्याभोवती गवत उगवलेलं. अण्णा त्या दिवसांत स्टोअरला असत. आम्ही ज्यांच्याशी बोललो ती माणसं जाणती होती, त्यांनी सांगितलं तेही खरंच होतं. पण ते आठवणीतून सांगत होते, आणि आम्ही तर चालता काटा कधी पाहिलेलाच नव्हता.

या पद्धतीला आमच्या धंद्यात वॉटरफॉल म्हणतात, धबधबा. आधी सगळ्या गरजा, मग सगळा आराखडा, मग सगळा कोड, मग चाचणी, शेवटी बसवणी. पाणी एका पायरीवरून खालच्या पायरीवर पडतं, वर चढत नाही. हिचं मूळ म्हणून विन्स्टन रॉइस यांच्या १९७० सालच्या निबंधाचं नाव घेतात. तो मी मुळातून वाचला तो काट्यावरच्या त्या रात्रीनंतर पाच-सहा वर्षांनी, आणि वाचून सुन्न झाले. रॉइस अवकाशयानांच्या सॉफ्टवेअरवर काम केलेले. त्यांनी पायऱ्यांची आकृती काढली खरी, पण लगेच बजावलं की एवढ्यावर विसंबणं धोक्याचं आहे. काम किती वेळात होतं, माहिती कशी ये-जा करते, हे प्रत्यक्ष कळतं चाचणीत, आणि चाचणी तर सगळ्यात शेवटी ठेवलेली. काम नव्या प्रकारचं असेल तर ते दोनदा करा, पहिल्यांदा लहान आकारात, शिकण्यापुरतं, असा त्यांचा सल्ला होता. ‘वॉटरफॉल’ हा शब्दसुद्धा त्या निबंधात नाही. लोकांनी आकृती उचलली आणि इशारा मागेच राहिला. १९८५ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने कंत्राटदारांसाठी सॉफ्टवेअरचं मानक काढलं, त्यातही हीच पायऱ्यांची चाल होती. मोठी कंत्राटं ज्या वाटेने गेली त्याच वाटेने मग बाकीचेही गेले.

आकृती का उचलली गेली हेही मला कळतं. ती करारात नेमकी बसते. पायरी संपली की हप्ता, हप्त्याआधी सही. सही झाली की पुढे काही चुकलं तर ते कुणाच्या पदरात, हे ठरलेलं असतं. आमच्याही करारात तसंच होतं. दोन ट्रॉल्यांची दुरुस्ती हा ‘बदल’ ठरला, बदलाचे पैसे वेगळे, आणि त्या पैशांवरून दोन्ही बाजूंनी जी पत्रं गेली-आली त्यांत वर्ष सरलं. अण्णांचा त्या पत्रांत उल्लेखही नव्हता.

२००१च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथल्या बर्फातल्या हॉटेलात सतरा जण जमले आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. चार मूल्यं, बारा तत्त्वं, सगळा मिळून दोन पानांचा ऐवज. थोडं करायचं, वापरणाऱ्याला दाखवायचं, शिकायचं आणि मग पुढचं करायचं, अशा पद्धतीने त्यातली बरीच माणसं नव्वदच्या दशकापासून आपापल्या परीने कामं करतच होती. त्यांतल्या एका पद्धतीचं ‘स्क्रम’ हे रग्बीतलं नाव तर जपानचे ताकेउची आणि नोनाका यांच्या १९८६ सालच्या लेखातून आलेलं, आणि तो लेख सॉफ्टवेअरबद्दल नाही. होंडा, कॅनन अशा कारखान्यांत नवी वस्तू कशी घडते याबद्दल आहे. जाहीरनामा माझ्या हाती पडला तेव्हा एका गोष्टीवर मी थांबले. चालतं सॉफ्टवेअर त्यांना जाडजूड कागदपत्रांहून मोलाचं वाटत होतं, आणि तरी कागदपत्रांनाही मोल आहे हे त्यांनी तिथेच लिहून ठेवलं होतं. रॉइसच्या इशाऱ्यासारखंच हेही वाक्य पुढे बहुतेकांनी सोडून दिलं.

२००६च्या जानेवारीत त्याच कारखान्याने आम्हाला परत बोलावलं. याचं एक कारण सांगितलं पाहिजे. त्याच दोनशे चौदा पानांतला कामगारांच्या पगाराचा भाग पायरीपायरीने केलेला होता आणि सात वर्षं बिनतक्रार चालला होता. वेतनश्रेणी, भविष्यनिर्वाह निधी, रजेचे नियम. सगळं आधीच छापलेलं, ठरलेलं, आणि विचारलं तर सांगता येण्यासारखं. तिथे पायऱ्यांची वाट सरळ होती आणि स्वस्तही पडली. आता त्यांना काटा हवा होता. या वेळी प्रमुख मी होते. मी एकच अट घातली: काम चालू हंगामात सुरू होईल आणि आमच्यापैकी एकाची खुर्ची काट्याच्या खोलीत असेल.

कार्यकारी संचालकांनी रास्त प्रश्न विचारला. “शेवटी काय मिळणार ते आज सांगणार नसाल, तर संचालक मंडळापुढे मी ठेवू काय?” अजाइलवाले बरेच जण या प्रश्नाला जुनाट म्हणून उडवून लावतात. मला तसं करवलं नाही. सभासदांचा पैसा होता. मी म्हणाले, पैसा ठरलेला आणि तारीखही ठरलेली, नोव्हेंबरचा हंगाम. कामांची यादी लिहू, तिचा क्रम तुम्ही लावा. दर दुसऱ्या मंगळवारी वरचं एखादं काम चालू स्थितीत काट्यावर आणून दाखवू. कधीही थांबवलंत तरी तोवर आलेलं तुमच्या हातात राहील. त्यांनी ते मंडळापुढे ठेवलं आणि मंजुरी आली.

पहिल्या मंगळवारी आम्ही नेलं ते फारच थोडं होतं. काट्याच्या इंडिकेटरवरचा आकडा स्थिर झाला की तो आपोआप स्क्रीनवर यायचा आणि एक कळ दाबली की छापून निघायचा. शेतकरी नाही, गाव नाही, खातं नाही. अण्णांनी तीन बैलगाड्यांवर ते वापरलं आणि म्हणाले, “मॅडम, कळ डाव्या हाताला द्या. उजव्या हातात चिठ्ठी असते.” ऑफिसात बसून हे वाक्य मला दहा वर्षांत सुचलं नसतं. पुढच्या वेळी कळ डावीकडे गेली. मग वाहनाच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे टाकले की वाहन समोर यायचं. मग दोन ट्रॉल्या. मग उतरवायला गेलेल्या, पण रिकामं वजन न दिलेल्या गाड्यांची यादी सतत डोळ्यासमोर. ती आमच्या यादीत नव्हतीच. अण्णांनी रजिस्टरच्या समासात पेन्सिलने मारलेल्या खुणा मी पाहिल्या आणि विचारलं, तेव्हा कळलं की कुठली गाडी आत अडकली आहे हे ते त्या खुणांवरून ओळखतात. मार्चपर्यंत ते मला ताई म्हणू लागले होते.

या दोन पद्धतींमधला फरक वेगाचा, असं मी बरीच वर्षं ऐकत आले. मला तो वेगाचा वाटत नाही. अण्णांचा डावा हात दोन्ही वेळा होताच. पहिल्या वेळी त्याची किंमत अख्ख्या प्रकल्पाएवढी झाली, कारण तो कळला तेव्हा सगळं बांधून झालं होतं. दुसऱ्या वेळी तो पंधरा दिवसांचं काम झालेलं असताना कळला आणि दुपारभरात दुरुस्त झाला. अमेरिकेच्या एफबीआयने तपासाच्या फायलींसाठी सॉफ्टवेअर करायला घेतलं आणि सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ साली सोडून दिलं, ते वाचताना मला आमचा काटाच दिसत होता. त्यापुढचा त्यांचा सेंटिनेल प्रकल्पही रखडला. २०१०मध्ये त्यांनी तो स्वतःच्या हाती घेऊन लहान लहान टप्प्यांत नेला आणि २०१२ साली तो वापरात आला.

पण काट्याचं काम चालू होतं त्या २००६च्या उन्हाळ्यात आमची एक मोठी चूक झाली, आणि ती अजाइलच्या नावावर झाली. सभासद क्रमांकाची रचना कशी असावी, हा प्रश्न कुणीतरी फेब्रुवारीतच काढला होता. मी म्हणाले, लागेल तेव्हा बघू. आत्ता एक शेतकरी एक क्रमांक पुरे. मे महिन्यात बिलाचं काम आलं, तेव्हा वारसनोंदी समोर आल्या. सभासद वारलेला, ऊस तीन मुलांच्या नावावर, सोसायटीचं कर्ज अजून वडिलांच्या नावावर, आणि बिलातून कपात व्हायची ती त्या कर्जाची. एक क्रमांक म्हणजे एक माणूस हे गृहीतक तोवर आमच्या प्रत्येक तक्त्यात मुरलं होतं. ते उपसून काढायला पाच आठवडे गेले. घराचा पाया नंतर बघू असं कुणी गवंडी म्हणत नाही. मी म्हणाले होते. त्यानंतर कुठलंही काम हाती घेताना पहिले काही दिवस मी एकाच गोष्टीला देते: यातलं काय नंतर हलवता येणार नाही? ते आधी, सावकाश, कागदावर, जुन्या पद्धतीने. कळ कुठे असावी हे मंगळवारी ठरेल. क्रमांक कसा असावा हे मंगळवारवर सोडायचं नाही.

बिलाचंही तसंच. कायद्याने ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याचे पैसे द्यायचे असतात. अर्धं बिल शेतकऱ्याच्या हातात ठेवून उरलेलं पुढच्या मंगळवारी असं म्हणता येत नाही. म्हणून बिलाचे सगळे नियम आम्ही एकत्र बसून लिहिले, लेखापालांची सही घेतली, आणि मागच्या हंगामाच्या जुन्या बिलांवर पैन्‌पै ताडून पाहिले. त्या सहीचा मला जुलै १९९८च्या सहीपेक्षा जास्त आधार वाटला, कारण तिच्यामागे खरी बिलं होती.

आता मी जिथे शिकवायला जाते तिथे सगळीकडे अजाइल आहे. सकाळची उभ्याउभ्याची बैठक म्हणजे स्टँडअप, दोन आठवड्यांच्या कामाचे टप्पे म्हणजे स्प्रिंट, भिंतीवर नाहीतर स्क्रीनवर रंगीत चिठ्ठ्या. मुलं हुशार आहेत, मनापासून काम करतात. पण स्टँडअपमध्ये प्रत्येकजण मॅनेजरकडे बघून काल काय केलं ते सांगतो, शेजारच्याकडे बघत नाही, आणि ती हजेरी होऊन बसते. कामाचा अंदाज बांधण्यासाठी काढलेले स्टोरी पॉइंट माणसाचं मोजमाप करायला वापरतात. मी विचारते, हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या माणसाला तुमच्यातल्या कुणी भेटलंय का? बहुतेक वेळा उत्तर येतं, प्रॉडक्ट ओनरला, म्हणजे कामांचा क्रम लावणाऱ्याला, माहीत असेल. मग मला काट्याभोवतीचं ते गवत आठवतं. स्प्रिंट आहेत, पण माणूस अजून स्टोअरमध्येच बसलाय. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण मुलांचे कष्ट खरे असतात आणि ते असेच वाया गेलेले मी एकदा पाहिलेत.

२००६च्या नोव्हेंबरात हंगाम सुरू झाला त्या रात्री मी काट्याच्या खोलीत होते. अकरा वाजले. बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, डिझेलचा वास, उसाच्या मळीची उग्र गोडी. एक ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या. अण्णांनी डाव्या हाताने कळ दाबली आणि दोन चिठ्ठ्या निघाल्या. रजिस्टर टेबलावरच होतं, पण मिटलेलं, आणि त्यावर चहाचा पेला ठेवलेला.

रांग थोडी विरळ झाल्यावर अण्णांनी खिशातून एक कोरी ऊसचिठ्ठी काढली. तिच्या पाठीवर पेन्सिलने तीन ओळी लिहिलेल्या होत्या. पहिली अशी: पलीकडच्या कारखान्यावर यंत्राने तोडलेला ऊस येतोय, आपल्याकडेही येईल, त्यात पाचट जास्त, वजावट कुठे टाकायची?

“पुढच्या मंगळवारी काय आणताय, ताई?”

मी चिठ्ठी घेतली, खुर्ची काट्याच्या खिडकीशी ओढली आणि म्हणाले, “अण्णा, पाचट मोजतात कसं ते आधी सांगा.”